आधी स्वतःची झडती : बाबा पदमनजी यांच्या लेखनाची ओळख

मराठीतली पहिली कादंबरी कोणती, असे स्पर्धा परीक्षेला बसलेल्या कोणत्याही मुलाला विचारले तर उत्तर तयार असते : ‘यमुनापर्यटन’, १८५७, बाबा पदमनजी. उत्तर बरोबर असते, गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो. नाव पाठ, साल पाठ, पण पुस्तक उघडलेले नाही, अशी आपल्या ज्या लेखकांची स्थिती आहे, त्यांत बाबा पदमनजी पहिल्या रांगेत बसतात. त्यांच्या निवडक लेखनाचा हा संग्रह वाचकांच्या हाती देताना आधी त्यांची नीट ओळख करून देणे मला आवश्यक वाटते. पाठ केलेल्या नावामागे एक विलक्षण धैर्याचा माणूस आहे आणि त्याचे आपल्या भाषेवर ऋण आहे.

या प्रस्तावनेत मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. बाबा आधी धर्मोपदेशक होते, मग लेखक. उपदेशकाचा जो कडकपणा आजच्या वाचकाला त्यांच्यापासून दूर ठेवतो, त्याच कडकपणाने त्यांचे गद्य खरे केले. त्यांनी समाजाकडे जाब मागितला, पण त्याआधी स्वतःच्या मनाची झडती घेतली. ही झडती घेण्याची रीत मराठी गद्यात रुजवणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकाच्या मनात ख्रिस्ती धर्माचे एक चित्र आधीपासून असते. ते चित्र साष्टीचे आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वरला शैव लेण्याच्या माथ्यावर सोळाव्या शतकात पोर्तुगीज काळातले चर्च आणि मठ उभे राहिले. त्यांचे अवशेष आजही दिसतात. अंधेरीत, सीप्झच्या आवारात, १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन चर्चच्या भिंती झाडाझुडपांत उभ्या आहेत. वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा, गावठाणांतले क्रूस, ईस्ट इंडियन घरांतले सणवार हे सारे आपल्या परिचयाचे. या परंपरेत मूर्ती आहे, संत आहेत, मिरवणूक आहे, नवस आहे. बाबांचा ख्रिस्ती धर्म या घरातला नव्हता. तो जवळजवळ अडीचशे वर्षांनी, दुसऱ्या वाटेने आला. त्याच्या देवळात प्रतिमा नव्हती, सणांची रेलचेल नव्हती. मध्यभागी एक पुस्तक होते आणि त्या पुस्तकापुढे एकटा उभा असलेला माणूस होता. त्या वाटेचा उगम समजल्याशिवाय बाबा समजत नाहीत, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये प्युरिटन म्हणून ओळखली जाणारी मंडळी पुढे आली. इंग्लंडचे चर्च रोमपासून वेगळे झाले होते, तरी सुधारणा अर्ध्यावर राहिली असे त्यांचे म्हणणे होते. उपासनेतला थाटमाट गेला पाहिजे, प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचले पाहिजे, प्रवचन हे उपासनेचे हृदय असले पाहिजे आणि माणसाने रोज आपल्या मनाची तपासणी केली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. अनेक प्युरिटन रोजनिशी लिहीत. दिवसभरात कुठे घसरलो, कुठे गर्व झाला, कुठे खोटे बोललो, याची तीत नोंद असे. त्यांच्यातला कडवेपणाही खरा होता. १६४२ साली त्यांचा वरचष्मा असलेल्या पार्लमेंटने लंडनची नाटकगृहे बंद केली. पण याच वृत्तीच्या माणसांनी अमेरिकेत पाऊल ठेवल्यानंतर थोड्याच वर्षांत, १६३६ साली, हार्वर्डचे विद्यालय स्थापले. ज्याला शास्त्र स्वतः वाचायचे, त्याला आधी अक्षर यायला हवे. शाळा आणि छापखाना या लोकांच्या धर्माचाच भाग होते.

या परंपरेचा जगभर पोहोचलेला उपदेशक आणि लेखक म्हणजे जॉन बन्यन. बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी १६२८ साली त्याचा जन्म झाला. बाप भांडीकुंडी दुरुस्त करणारा. मुलानेही तोच धंदा केला. शिक्षण बेताचे. लग्नात बायकोने आणलेल्या दोन धार्मिक पुस्तकांनी त्याच्या मनात खळबळ सुरू केली आणि पुढची काही वर्षे आपण तरणार की बुडणार या चिंतेने त्याला ग्रासले. त्या वादळातून बाहेर पडल्यावर तो उपदेश करू लागला. १६६० साली राजेशाही परत आली. सरकारमान्य चर्चबाहेर प्रवचन केल्याबद्दल त्याला अटक झाली. पुन्हा उपदेश करणार नाही, एवढे वचन दिले असते तर तो घरी गेला असता. त्याने ते दिले नाही आणि बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात काढली. घरी आंधळी मुलगी होती. तुरुंगात नाड्यांना टोके बसवून तो चार पैसे मिळवी. तिथेच त्याने आपल्या मनाच्या झगड्याचा वृत्तान्त लिहिला. तो १६६६ साली छापला गेला. ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चा पहिला भाग १६७८ साली आला. पाठीवर पापाचे ओझे घेऊन नाशनगरीतून निघालेल्या यात्रेकरूची ही कथा पुढे बायबलच्या खालोखाल वाचली गेली. १६८८ साली बन्यन वारला.

हा प्रवाह मराठी मुलखात तीन वाटांनी आला. पहिली वाट अमेरिकेची. न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटनांच्या थेट वारसांनी, म्हणजे काँग्रिगेशनल मंडळ्यांनी, १८१० साली अमेरिकन बोर्ड स्थापले आणि त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. कंपनी सरकार त्यांना ठेवून घ्यायला राजी नव्हते. त्याच वर्षी सनद बदलली आणि मिशनऱ्यांना दार मोकळे झाले. त्यांनी मराठी शिकून शाळा काढल्या, छापखाना घातला आणि १८२६ साली मुंबईत नव्या कराराचे मराठी भाषांतर छापले. त्याच वर्षी नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना हॉल वाटेत पटकीने वारला. या मिशनने १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. दुसरी वाट बेळगावची. लंडन मिशनरी सोसायटी १८२० साली तिथे आली. तिच्यात बन्यनच्या धाटणीच्या स्वतंत्र मंडळ्यांचे बळ मोठे होते. तिसरी वाट स्कॉटलंडची. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, कारण चर्चच्या कारभारात जमीनदारांची आणि सरकारची ढवळाढवळ नको असे अनेकांचे म्हणणे होते. विल्सन आणि त्यांचे सहकारी या नव्या फ्री चर्चकडे गेले. त्यांच्या शिक्षणसंस्थेतूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले.

दरम्यान बन्यनही मराठीत आला होता. हरि केशवजी पाठारे यांनी ‘यात्रिक क्रमण’ या नावाने त्याचे भाषांतर १८४१ साली केले. मराठीतले हे आरंभीचे दीर्घ कथात्मक गद्य. ज्या मुलखात दरवर्षी लाखो पावले पंढरीची वाट चालतात, तिथे आयुष्य म्हणजे एक यात्रा आणि वाट हीच साधना, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. स्वतःचे दोष उघड्यावर मांडून देवाशी भांडण्याची रीतही तुकोबांनी दोन शतके आधी घालून दिली होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर लिहिताना भागवत धर्माची युरोपातल्या धर्मसुधारणेशी तुलना केली, ती याच साधर्म्यामुळे. बाबांच्या लेखनाला इथली माती परकी नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म १८३१ साली बेळगावात, त्वष्टा कासार कुटुंबात झाला. बन्यन भांडी सांधणारा आणि बाबांची जात तांब्यापितळेचे काम करणारी. योगायोगच, पण नोंदवण्याजोगा. घरचे वातावरण धार्मिक. बालपणी आपण किती मनापासून देवधर्म करत होतो, हे बाबांनी पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सविस्तर लिहिले आहे. धर्म सोडलेला माणूस जुन्या धर्माविषयी लिहू लागला की आपले बालपणही काळ्या रंगाने रंगवून टाकतो, असा पुष्कळदा अनुभव येतो. बाबांनी तसे केले नाही. आपली तेव्हाची श्रद्धा खरी होती, हे त्यांनी लपवले नाही.

बेळगावच्या मिशन शाळेत त्यांनी इंग्रजी शिकायला सुरुवात केली आणि पुढे मुंबईस येऊन फ्री चर्चच्या विद्यालयात ते दाखल झाले. त्या काळची मुंबई समजून घेण्याजोगी आहे. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या धाकट्या भावावरून, श्रीपतीवरून, शहर ढवळून निघाले. न्यायालयाने अल्पवयीन श्रीपतीला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले आणि त्यापायी त्यांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला. १८४९ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर, राम बाळकृष्ण जयकर प्रभृतींनी परमहंस सभा काढली. तिचे सभासद जातिभेद मोडण्याची शपथ घेत, एकत्र बसून पाव खात आणि एका ईश्वराची प्रार्थना करत. पण हे सारे बंद दाराआड चाले. समाज जागा होऊन संख्या वाढेपर्यंत गुप्त राहावे, असे धोरण होते.

तरुण बाबा या सभेत गेले. सभेविषयी आज आपल्याला जे कळते, त्यातला मोलाचा भाग त्यांच्याच आत्मचरित्रातून कळतो. तिथल्या माणसांविषयी त्यांना आदर होता, पण रात्री सभेत जात मोडायची आणि दिवसा घरी ती पाळायची, हे त्यांना मानवले नाही. खरे वाटते ते उघड बोलले पाहिजे आणि बोलले ते जगले पाहिजे, या निष्ठेने त्यांना पुढे ढकलले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. तोवर बाबांनी आपली वाट उघडपणे धरली होती.

३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय तेवीस वर्षांचे. आदल्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या शेतांमधून धावली होती. नवे युग आले असे म्हणतात, पण ते सर्वांच्या दारी एकदम येत नाही. त्या काळी धर्मांतर करणारा मुलगा घराला मेल्यासारखा होई. १८५० च्या कायद्याने त्याचा वारसाहक्क वाचवला होता. आईच्या हातचे पाणी आणि पंगतीतली जागा मात्र कोणताही कायदा परत देऊ शकत नव्हता. बाबांनी ही किंमत समजून उमजून मोजली. त्यांच्या निर्णयाशी आपण सहमत असू किंवा नसू. आपल्याला जे सत्य वाटले त्यासाठी घर पणाला लावणारा माणूस उथळ नसतो, एवढे तरी मान्य करायला हवे.

ते शिक्षक झाले, फ्री चर्चमध्ये उपदेश करू लागले आणि १८६७ साली पुण्याला पाळक म्हणून त्यांना दीक्षा मिळाली. १८७० च्या दशकात पाळकपण सोडून त्यांनी उरलेले आयुष्य लेखनाला दिले. मुंबईच्या बायबल सोसायटी आणि ट्रॅक्ट सोसायटीसाठी त्यांनी संपादनाचे काम केले, ‘सत्यदीपिका’सारखी नियतकालिके चालवली. लहानमोठी मिळून त्यांची शंभराहून अधिक पुस्तके आहेत. २९ ऑगस्ट १९०६ रोजी ते वारले.

या पसाऱ्यात सर्वांत आधी वाचावे ते ‘यमुनापर्यटन’. त्याचे उपशीर्षकच सांगते की हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचे हे निरूपण आहे. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी ही कादंबरी आली. कथानक साधे आहे. यमुना शिकलेली, ख्रिस्ती शिकवणीकडे मनाने झुकलेली तरुणी. नवरा विनायक तिला समजून घेणारा. दोघे प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात. प्रत्येकीची हकीकत वेगळी : कोणाचे केशवपन झालेले, कोणी घरातल्या माणसांच्याच छळाने पिचलेली, कोणाला फसवून वाऱ्यावर सोडलेली. मग विनायक मरतो आणि आजवर जे यमुनेने ऐकले, ते तिच्याच वाट्याला येते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

कादंबरी म्हणून तिचे दोष उघड आहेत. पात्रे बोलता बोलता प्रवचन करू लागतात. शेवट आधीच ठरलेला आहे. तरी तिची रचना विचारपूर्वक पाहावी. बन्यनचा यात्रेकरू स्वतःच्या तारणासाठी घरदार सोडून निघतो; वाटेत जो भेटतो तो त्याला मदत करणारा किंवा अडवणारा असतो. यमुनेच्या प्रवासात वाटेवर भेटणारी प्रत्येक बाई हाच प्रवासाचा हेतू होतो. तिला थांबून ऐकायचे, तिची कहाणी पूर्ण होईपर्यंत पुढे जायचे नाही. आत्म्याच्या यात्रेचा साचा दुसऱ्याच्या दुःखाकडे वळवण्याचे काम एका सव्वीस वर्षांच्या मराठी लेखकाने केले. त्यानंतरच्या वर्षांत लोकप्रिय झालेल्या हळब्यांच्या ‘मुक्तामाले’त (१८६१) किंवा रिसबुडांच्या ‘मंजुघोषे’त (१८६८) अद्भुताची रेलचेल आहे. मराठी कादंबरी पहिल्या पावलाला वास्तवावर उभी राहिली आणि मग बराच काळ स्वप्नात रमली. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली, तेव्हा ती पुन्हा घरातल्या विधवेकडे वळली. त्या कादंबरीतली विधवाही यमुनाच. नाव एक असल्याचे कारण काहीही असो. तेहतीस वर्षांच्या अंतराने दोन यमुना एकच प्रश्न विचारतात, हे मराठी वाचकाने एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावे.

स्त्रियांचा प्रश्न बाबांनी धर्मांतरानंतर हाती घेतला असेही नाही. बाप्तिस्म्याच्या दोन वर्षे आधी, १८५२ साली, त्यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध लिहिला होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढून तेव्हा चारच वर्षे झाली होती. जोतीरावही स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. एकाच शाळांतून निघालेल्या त्या पिढीतल्या माणसांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या : कोणी ख्रिस्ती झाले, कोणी सत्यशोधक, कोणी प्रार्थनासमाजी. प्रश्न मात्र सर्वांना सारखेच छळत होते. बाबांना फक्त ‘मिशनरी साहित्य’ या कप्प्यात टाकले की त्या पिढीचे एकत्र चित्र दिसेनासे होते.

‘अरुणोदय’ १८८८ साली प्रसिद्ध झाले. मराठीत छापल्या गेलेल्या आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी ते एक आहे आणि माझ्या मते बाबांचे सर्वांत चांगले पुस्तक आहे. प्युरिटनांची मनाची रोजनिशी इथे मराठी अंगणात येते. मोठ्या घटना थोड्या आहेत. एका मुलाची श्रद्धा कशी बनली, कशी ढिली झाली, शंका आल्यावर तो किती काळ गप्प राहिला, लोकांच्या भीतीने मनात एक आणि बाहेर एक असा किती दिवस वागला, याचा हा वृत्तान्त आहे. लेखक स्वतःला सवलत देत नाही. ज्या दुटप्पीपणाबद्दल तो इतरांना बोल लावतो, तोच आपल्यातही होता, हे तो कबूल करतो. बखरींत पराक्रम होता, चरित्रांत थोरवी होती. एका सामान्य, भित्र्या, धडपडणाऱ्या तरुणाच्या मनातला गोंधळ हाच लेखनाचा विषय होऊ शकतो, हे मराठी गद्यात नवे होते.

या संग्रहात ‘अरुणोदय’मधले उतारे मुद्दाम जास्त घेतले आहेत. त्यांतली भाषा वाचताना आणखी एक गोष्ट जाणवेल. हा माणूस शब्दांचा कष्टकरी होता. १८६० साली त्यांनी ‘शब्दरत्नावली’ हा समानार्थी शब्दांचा कोश केला आणि १८६३ साली मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप तयार केला. मोल्सवर्थचा मूळ कोश सामान्य विद्यार्थ्याला परवडणारा नव्हता. बाबांच्या संक्षेपाने तो शाळेत पोहोचवला. उपदेशकाला रोज नव्या माणसांसमोर उभे राहायचे असते आणि न समजलेला शब्द तिथे वाया जातो. व्यासपीठावरच्या त्या गरजेतून हे कोशकार्य आले असावे. म्हणून त्यांची वाक्ये लांब असली तरी अडखळत नाहीत. बाजारातल्या माणसाला कळेल अशी मराठी त्यांनी धर्मचर्चेसाठी वापरली.

आता त्यांच्या कठोर बाजूविषयी. बाबांनी हिंदू देवतांवर आणि पुराणांवर जी टीका केली, तिच्यातली काही आज वाचताना बोचते. ‘कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना’ या पुस्तकातला न्याय समतोल नाही. निकाल आधी लिहून मग पुरावा मांडला आहे. शतकानुशतके या देवांच्या नावाने जगलेल्या माणसांच्या हृदयात काय होते, हे ते विसरले, आणि त्यांचे स्वतःचे बालपण आठवले तर हे विसरणे अधिकच खटकते. त्या काळच्या वादांचा सूरच असा होता, हेही खरे. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झडत होते. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या शास्त्रांची चिरफाड चालू होती. पण काळाच्या पडद्याआड हा दोष लपवावा, असे मला वाटत नाही. संग्रहात त्या प्रकारच्या लेखनाचा एक नमुना दिला आहे. लेखकाला वाचकापुढे उभे करायचे तर पूर्ण उभे करावे. स्वतःची झडती घेणाऱ्या माणसाची ओळख त्याच्या चुका झाकून करून देणे त्याच्या शिकवणीशीच विसंगत ठरेल.

आणि तरीही त्या वादांमध्ये एक गोष्ट टिकून आहे, जी आज आपल्याकडून हरवत चालली आहे. बाबांनी प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचले होते. ज्याच्याशी मतभेद, त्याला ते छापील उत्तर देत आणि त्याच्याकडून छापील उत्तराची अपेक्षा ठेवत. विष्णुबुवांचा ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ आणि बाबांची पुस्तके एकाच शहरात, एकाच वाचकवर्गासाठी छापली जात होती. वाचकाच्या विवेकावर दोघांचाही विश्वास होता.

बाबांचा वारसा कुठे गेला, याचे उत्तर दोन दिशांनी द्यावे लागते. एक दिशा मराठी ख्रिस्ती साहित्याची. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचे आणि ओवीचे रूप दिले. बाबांच्या लेखनात जे कोरडे राहिले होते, ते टिळकांनी ओले केले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आत्मपरीक्षणाला हसरी, उदार दृष्टी मिळाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि बाबांच्या कादंबरीतल्या विधवांना खरोखरीचे छप्पर दिले. पुढे त्यांनीही आपल्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. नगर, जालना, कोल्हापूर, सोलापूर या भागांतून नोकरीधंद्यासाठी मुंबईत येऊन उपनगरांत स्थिरावलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे याच परंपरेची. १९७० साली अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. अमेरिकन, स्कॉटिश अशी जुनी नावे मागे पडली. रविवारच्या मराठी उपासनेतली भाषा, प्रार्थनेतले शब्द, गीतांची चाल यांत ती वाट अजून चालू आहे. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या या शेजाऱ्यांच्या वाङ्मयीन इतिहासाची बाकीच्या मराठी माणसांना फारशी माहिती नसावी, ही आपल्या सर्वांची उणीव आहे. हा संग्रह ती थोडी भरून काढील अशी आशा आहे.

दुसरी दिशा अधिक रुंद आहे आणि तिच्यावर ख्रिस्ती असण्या-नसण्याचा शिक्का नाही. मराठीत पुढे जी प्रामाणिक आत्मचरित्रे लिहिली गेली, विशेषतः जात आणि घर यांच्याशी झगडून बाहेर पडलेल्या माणसांची, त्यांच्या पाठीमागे ‘अरुणोदय’ उभे आहे, ते वाचले गेले असो वा नसो. मी जिथे जन्मलो ते मला का पुरले नाही, मी काय सोडले, सोडताना काय गमावले आणि मी स्वतः किती खरा होतो, हे प्रश्न एकदा छापील मराठीत विचारले गेले की भाषा बदलते. मग पुढचा लेखक ते प्रश्न अधिक धीटपणे विचारू शकतो.

या पुस्तकाचा वाचनक्रम वाचकाने आपल्या सोयीने ठरवावा, तरी एक सुचवतो. आधी ‘अरुणोदय’चे उतारे वाचावेत, म्हणजे माणूस भेटेल. मग ‘यमुनापर्यटन’, म्हणजे त्या माणसाला काय टोचत होते ते कळेल. वादग्रंथातला नमुना शेवटी वाचावा, म्हणजे त्याच्या मर्यादेचा राग येण्याआधी त्याच्या धडपडीची जाणीव झालेली असेल. जुनी शुद्धलेखनाची रीत तशीच ठेवली आहे. अनुस्वारांची सवय दोन-चार पानांत होते. बाबांचे आयुष्य आणि काळ अधिक तपशिलाने पाहू इच्छिणाऱ्यांनी के. सी. कऱ्हाडकर यांचा ‘बाबा पदमनजी : काल व कर्तृत्व’ हा ग्रंथ अवश्य पाहावा.

आजचा काळ जाब मागण्याचा आहे. प्रत्येकाकडे दुसऱ्यासाठी प्रश्नांची यादी तयार असते. दुसऱ्याच्या धर्माला, जातीला, इतिहासाला विचारायचे प्रश्न. ते प्रश्न विचारूच नयेत असे बाबांनी कधी म्हटले नसते; त्यांनी स्वतः आयुष्यभर ते विचारले. पण त्यांच्या प्रश्नांना वजन आले ते पहिला प्रश्न स्वतःला विचारल्यामुळे, आणि उत्तर मिळाल्यावर त्याची किंमत स्वतःच्या घरातून चुकती केल्यामुळे. दुसऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार माणूस अशा रीतीनेच कमावतो. त्यांच्या श्रद्धेत सहभागी न होणाऱ्या वाचकालाही बाबा पदमनजींकडून एवढे घेता येईल, आणि ते थोडे नाही.

मुलुंड, मुंबई